बीट किसणारे हात

मी जेवत होतो आणि बायको ओट्याशी आणखी एक बीट किसत होती. तिचे तळवे लालबुंद दिसले आणि मला उगाच बरं वाटलं. गेल्या महिन्यात हेच तळवे पांढरे पडलेले पाहून डॉक्टर म्हणाले होते, रक्त कमी आहे. गोळ्या दिल्या, पालेभाज्या, कडधान्यं, बीट खायला सांगितलं. तेव्हापासून घरात रोज बिटाची कोशिंबीर असते.

"घ्या अजून, अंगाला चांगली असते," ती म्हणाली.

"आणि तुला?"

"उरेल की."

तिने नळाखाली हात धरले. सगळा रंग वाहून गेला आणि खालचे तळवे होते तसेच पांढरट निघाले. हे पथ्य नक्की कोणाचं चाललंय, मला कळेना. विचारायला तोंड उघडलं, तर ती हसली.

"जीभ बघा, केवढी लाल झालीय."