धिंगरीचा पहिला घास

उकळलेल्या कुटाराचा वास आला की मला आमच्या घरी पहिल्यांदा शिजलेली धिंगरी आठवते. वीसेक वर्षांपूर्वी कनेरगाव नाक्याजवळच्या आमच्या गावात बायकांना ही अळिंबी घरात वाढवायला शिकवलं होतं. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, उकळून भरून टांगलेल्या माझ्या पिशव्यांना पांढरे, मऊ पंखे फुटले. मी ते हातानं फाडून कांद्यात, काळ्या मसाल्यात परतले. सासूबाई चुलीजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं पहिलं लेकरू रानातली छत्री, विषारी अळिंबी, खाऊन गेलं होतं. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे. "आत्याबाई, ही रानातली न्हाई, बियाणं आणून लावलेली हाय," मी म्हणाले. "असंल. पण आज मी एकटीच खाते. मला काई झालं न्हाई तर उद्या लेकरायला वाढ." "मग मीबी खाते." "तू न्हाई. तुला लेकरं हायेत." त्यांनी भाकरीशी सगळी भाजी खाल्ली आणि दिवस मावळेपर्यंत ओसरीवर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी नातवंडांना त्यांनीच वाढलं. मी चव विचारली, तर म्हणाल्या, "चवीकडं ध्यान कुठं होतं माय." आता मीही आजी झाले आहे, आणि ती दुपार त्यांनी कशी काढली असेल, ते मला आत्ता कळतं.