दार दुसऱ्या बाजूला

रोज सकाळी जिना उतरला की काका दारातच थांबायचा आणि एक चुटकी वाजवायचा. मान किंचित तिरपी करून ऐकायचा. उघड्या दुकानात चुटकी आत शिरून हरवते, बंद शटरवर आपटून परत येते, असं तो सांगे. मग काठी पुढे करत म्हणायचा, "न्हाव्याने अजून उघडलं नाही. बायकोशी वाजलं असणार," आणि चालू लागायचा.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. लहानपणीच्या तापात त्याची दृष्टी गेली. अंध मुलांच्या शाळेत तो वेताच्या खुर्च्या विणायला शिकला आणि आयुष्यभर त्याने तेच केलं. गल्लीच्या टोकाला एका सुताराचं दुकान होतं, तिथे खिडकीखाली त्याची बैठक. याला खिडकी कशाला, असं कोणी विचारलंच तर सुतार म्हणायचे, "उजेड गिऱ्हाइकासाठी आहे. उगाच खोड काढायची तर नीट दिसू दे त्याला."

शेजारी बादलीत वेताच्या पट्ट्या भिजत असायच्या. काका एक उचलायचा, बोटांतून ओढून तिची गुळगुळीत बाजू ओळखायचा, आणि चौकटीच्या भोकातून ओवून घ्यायचा. आधी उभ्या, मग आडव्या, मग तिरक्या. सुतार त्याला 'डोळस' म्हणायचे.

"काय डोळस, आज भांग वाकडा पडलाय."

"तुमच्या टेबलाचे पाय चाचपून पाडला."

संध्याकाळी तो एकटा घरी यायचा. रस्त्यात कोणी दंड धरलाच तर विचारायचा, "कुठे जायचंय तुम्हाला? सोडतो." एकट्याने जायचं आणि एकट्याने यायचं, एवढीच त्याची मिजास होती. तिला मात्र कोणी धक्का लावलेला त्याला खपत नसे.

समोरची जुन्या इमारतींची रांग विकली गेली आणि तिच्याभोवती उंच पत्रे उभे राहिले. चुटकीला मग पत्र्याचं एकच उत्तर येऊ लागलं. "गल्ली डब्यात घालून वर झाकण लावलंय," काका म्हणाला. न्हावी गेला. सायकल दुरुस्तीवाला गेला. न्हाव्याच्या जागी कॉफीचं दुकान आलं. तिथली मुलगी एक दिवस काकाकडे खुर्ची विणून मागायला आली. त्याला बरं वाटलं.

"माणसं जड येतात का तुमच्याकडे? तसा वेत घेतो."

"बसायला नाही हो, भिंतीवर टांगायचीय."

काकाने हातातली पट्टी परत बादलीत सोडली. "मग सैल विणली तरी चालेल," असं म्हणाला खरा, पण विणली नेहमीसारखीच घट्ट.

नव्या भाड्यापुढे सुतारांनीही हात टेकले. लेकीकडे राहायला जाताना ते निरोप घ्यायला आले, तेव्हा त्यांनी काकाला डोळस न म्हणता नावाने हाक मारली. तेवढ्याने काका हिरमुसला.

शेवटी आमचे घरमालक आले. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "मी काही तुम्हाला जा म्हणत नाही. शेजारी जे भाडं चाललंय, तेवढं द्या."

"म्हणजे जाच म्हणताय," बाबा म्हणाले.

"शब्द तुमचे आहेत."

बाबांनी शहराच्या कडेला, एका उंच इमारतीत जागा पाहिली. काकाने ना भाडं विचारलं, ना खोल्या. "दादा, तिथे मला एकट्याला खाली जाता येईल?" एवढंच विचारलं.

"येईल की. लिफ्ट आहे," बाबा म्हणाले.

सामान लावताना आई-बाबांनी फार जपून एक गोष्ट केली. काकाचा पलंग, कपाट, टेबल, पाण्याचा तांब्या, सगळं जुन्या खोलीत होतं तसंच्या तसं ठेवलं. काकाचं कुठे अडायला नको. आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. जुन्या खोलीचं दार उजवीकडे होतं, इथे डावीकडे. ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं, म्हणूनच कोणाच्या ध्यानात आलं नाही.

सकाळी काका उठला आणि सवयीने उजवीकडे ताडताड निघाला. त्याचं कपाळ भिंतीवर आपटलं. आई धावली.

"लागलं का हो भाऊजी?"

"नाही वहिनी. भिंतीने दार गिळलंय," तो हसून म्हणाला. भुवईवर रक्त आलं होतं.

मग बाबांनी सगळं उलट फिरवलं. दार सापडू लागलं, पण आता पाण्याला हात गेला की कपाट लागायचं. काकाचा पलंगावर बसण्याचा वेळ वाढला.

लिफ्टची बटणं काचेसारखी सपाट होती. बोटाला काहीच लागत नसे. एकदा तो एकटा गेला, परतताना भलत्याच मजल्यावर उतरला आणि परक्या दाराला किल्ली लावत राहिला. आतली बाई घाबरून ओरडली. वॉचमनने त्याला दंडाला धरून वर आणलं आणि आईला म्हणाला, "यांना एकटं सोडत जाऊ नका." काका शेजारीच उभा होता.

मी बटणांवर डिंकाचे थेंब चिकटवले. सफाईवाल्याने ते खरवडून काढले. पुन्हा लावले, पुन्हा गेले. त्यानंतर काका खाली जायचं म्हणेनासा झाला. दुकानातून बरोबर आणलेल्या एका खुर्चीची बैठक विणायचा, उसवायचा, पुन्हा विणायचा. "हात विसरायला नकोत," म्हणायचा. काम द्यायला इथे कोणी येत नव्हतं. आई म्हणाली, "भाऊजी, मी येते ना बरोबर, चला जरा मोकळ्या हवेत." तो म्हणाला, "गुडघा दुखतोय."

एका दुपारी मात्र त्याने मला लिफ्टशी नेलं. बटणांच्या पट्टीची खालची कडा पकडून वीतभर अंतर मोजलं, पुन्हा मोजलं, आमचा मजला बरोबर सापडेपर्यंत आम्ही वरखाली करत राहिलो. दोन बायका आमच्याकडे बघून उतरून गेल्या. घरी आल्यावर त्याने काठी पुसली, शर्ट इस्त्रीला काढून ठेवला.

पहाटे मी उठवायला गेले, तेव्हा काका गेलेला होता. झोपेतच, डॉक्टर म्हणाले. आदल्या रात्री पांघरूण ओढून घेत तो मला म्हणाला होता, "उद्या जरा लवकर उठव, लिफ्ट रिकामी असते तेव्हा. आणि तू येऊ नकोस, झोप तू."