सुताराकडे टाकलेलं टेबल

गडचिरोलीच्या बँकेत बदली झाली तेव्हा बसस्टँडमागच्या सुताराकडे मी टेबल करायला टाकलं. सगळे त्याला चाचा म्हणत. मधे पट्ट्या घालून सावलीत रचलेल्या सागाच्या फळ्यांवर त्यानं खडूनं 'बँक' लिहिलं. म्हणाला, "सीझन होऊ द्या, भाऊ."

मला सीझन माहीत होता तो तेंदूपत्त्याचा. लाकूडही सीझन करतात, म्हणजे हळूहळू वाळू देतात, हे इथं कळलं.

जाता-येता मी विचारायचो. तो फळीवर बोटाचं पेर वाजवायचा, कान लावायचा. "नाई झालं अजून."

दोन वर्षांनी नागपूरची ऑर्डर आली. टेबल नको म्हणून सांगायला गेलो. त्यानं धूळ झटकायला फळी उलटी केली, तर मागं पुसट अक्षरांत 'तहसील' लिहिलेलं.

"म्हणजे हे लाकूड आधीपासूनच तयार होतं?"

"होतं ना. पण बदली झाली का साहेब लोक टेबल क्वार्टरातच टाकून जातेत. मंग ते चुलीत जाते. लाकूड झालं होतं, भाऊ. मी तुमचं पाहून राह्यलो होतो."

फळी त्यानं पुन्हा जागेवर ठेवली. 'बँक' मात्र पुसलं नाही.

"तुमच्या जागी कोन येऊन राह्यलं?"