वाघाचं चित्र आणि माझी रजा

वन खात्यात किस्से आणि जप्तीचं सागवान यांची गत एकच. आणून टाकायचं, केस चालेपर्यंत वर आणखी ढीग. खालचं लाकूड कोण बघतो? पंचवीस वर्षं वनरक्षक आहे मी. माझ्या ढिगातलं सगळंच सागवान आहे असं मी कधी म्हणालो नाही. ओळखून दाखवा!

हा ढीग नवे साहेब आल्यापासूनचा. चंद्रपूर जिल्ह्यातली आमची रेंज अशी, की सिग्नलची एक डंडी बघायला टेकाडावर चढावं लागतं. म्हणून साहेबांनी हुकूम काढला: ग्रुपवर लांबलचक लिहू नका, चित्र टाका. वाघ दिसला तर वाघ, अस्वल तर अस्वल, वणवा लागला तर जाळ, सगळं ठीक तर अंगठा. त्या दिवसापासून साहेबांनी स्वतःही एक अक्षर लिहिलं नाही.

*

मडावी माझ्या शेजारच्या बीटचा वनरक्षक. पहिल्याच दिवशी त्याला नाल्यावर सात रानगवे दिसले. फोनात रानगवा काही सापडेना, म्हणून त्यानं बैल टाकला. सातदा.

साहेबांना वाटलं, गावची गुरं जंगलात घुसली. तासाभरात जीप, दोन माणसं आणि दोर घेऊन हजर, कोंडवाड्यात न्यायला. झुडपातून पहिलं डोकं बाहेर आलं तसे साहेब जीपच्या टपावर.

मडावीनं खालून अदबीनं विचारलं, "साहेब, दोर कोनाच्या गळ्यात टाकू?"

*

ऑफिसात कॉम्प्युटरवर रामटेकेबाई बसतात. त्यांना मुलीनं शिकवलं होतं, एखादा फोटो आवडला की त्याखाली जाळ टाकायचा. साहेबांनी नव्या गॉगलातला फोटो टाकला. बाईंनी टाकला जाळ. एप्रिल महिना, ऐन वणव्याचे दिवस!

वणवा विझवणाऱ्यांचा ट्रॅक्टर पालापाचोळा उडवायचे ब्लोअर घेऊन थेट साहेबांच्या क्वार्टरवर. साहेब बनियनवर बाहेर आले. पोरांनी विचारलं, आग कुठी आहे? साहेबांनी दचकून मागं छपराकडे पाहिलं आणि बादली उचलली. त्यांनी बादली उचलली म्हणून पोरांनी ब्लोअर सुरू केले.

अर्धा तास आम्ही ते घर विझवलं.

*

बुधाजी आमचा वनमजूर, फोन बटणांचा. ग्रुपवरचं सगळं रामटेकेबाई त्याला एसएमएसनं पाठवत. चित्राच्या जागी त्याला नुसत्या चौकटी दिसायच्या, आणि बुधाजीच्या लेखी चौकट म्हणजे पिंजरा. सोमवारी एक आला, मंगळवारी तीन. शुक्रवारी त्यानं गावात सांगून टाकलं, अकरा वाघ धरले. बाया निर्धास्त मोहफुलं वेचायला निघाल्या. मी धावत जाऊन आडवा झालो.

"बुधाजी, एकही वाघ धरला नाई," मी म्हणालो.

तो विचारात पडला. "मंग रोज येऊन राह्यले ते पिंजरे रिकामेच आहेत का, भाऊ?"

*

आता माझं. पोरीचं, पल्लवीचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, रविवारी अकराला, भद्रावतीला, आमच्या घरी. तिच्या बारशाला मी वणव्यावर होतो, दहावीच्या निकालाला वाघाच्या गणनेवर. या वेळी तिनं फोनवर बजावलं, "बाबा, तुमी नसले तं मी पाटावर बसणार नाई." पोरगी माझ्यासारखीच हट्टी. आणि रजेशिवाय बीट सोडलं तर सस्पेंड.

शनिवारी टेकाडावर चढून ग्रुपवर रजा मागितली. साहेबांचं उत्तर आलं. वाघ. नुसता वाघ.

मडावी म्हणाला, तुले वाघ म्हणून राह्यले, बिनधास्त जा. रामटेकेबाई म्हणाल्या, भाऊ, वाघ फिरून राह्यला, बीट सोडू नका. बुधाजीनं आपला फोन डोळ्याशी नेला आणि म्हणाला, मले तं पिंजराच दिसते. साहेबांना फोन लावला तर ते दौऱ्यावर, सिग्नलच्या बाहेर.

रात्रभर वाघाकडे बघितलं. सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला आणि गाडीला किक मारली. म्हटलं, सस्पेंड तर सस्पेंड.

डांबरी रस्ता दोन किलोमीटरवर राहिला आणि वळणावर हा बसलेला. रस्त्याच्या मधोमध, आडवा, पंजा चाटत. दुसरी वाट नाही. गाडी बंद केली. नियम तो नियम, म्हणून ग्रुपवर वाघाचं चित्र टाकलं. एक टिक. ते काही पुढे जाईना. आणि हाही उठेना. अकरा वाजले, बारा वाजले. शेवटी माझ्या शर्टाकडे एकदा बघून तो झाडीत गेला.

घरी पोचलो तेव्हा दीड वाजला होता. पाट रिकामा. व्याही बल्लारपूरचे, ते घड्याळ बघत होते. पल्लवी खुर्चीवर हाताची घडी घालून.

"आज काऊन उशीर झाला, बाबा?"

"वाघ आडवा आला होता."

मांडवात कुणी मानही वळवली नाही. गेली पंचवीस वर्षं उशिराचं मी हेच कारण देत आलोय. पल्लवीच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. मी घाईघाईनं पुरावा म्हणून फोन काढला आणि तिच्या हातात दिला. इथे सिग्नल भरपूर. माझ्या वाघाखाली साहेबांचं उत्तर येऊन पडलं होतं, जन्मात पहिल्यांदा अक्षरांत.

पल्लवीनं ते मोठ्यानं वाचलं, आणि उठून पाटावर बसली.

"कालच सांगितलं होतं ना, रस्त्यात वाघ आहे."