मागच्या अंगणातला नळ

माझा आवाज असा, की कर्वेनगरात बोललो तर कात्रजच्या सर्पोद्यानातले साप वेटोळं आवळून घेतात. त्याच आवाजानं मी गल्ली गोळा केली होती. चढावरच्या शेवटच्या घरात शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई एकट्या राहत. महिनाभर त्यांच्या नळाला करंगळीएवढीही धार नव्हती. रोज संध्याकाळी मी त्यांना दोन बादल्या पोचवायचो आणि ऑफिसात सांगताना त्या दोन बादल्यांची विहीर करायचो.

"खालची लाइन फुटलीय," मी गल्लीला सांगितलं. "एवढं भोक, की आत हत्ती आंघोळ करून शेपटी पुसतोय."

अर्ज झाला, सह्या झाल्या. एका सोमवारी दहा वाजता, सॉफ्टवेअरच्या नोकरीला दांडी मारून, मी बाईंच्या दारात पुढारी होऊन उभा. पालिकेची माणसं खणत होती. बाईंची कुंपणालगतची अबोली उपटून झाली, भोक काही सापडेना.

शेवटी पाणीखात्याचे म्हातारे लाइनमन आले, हातात लोखंडी सळई. तिचं एक टोक पाइपवर, दुसरं कानाला. डोळे मिटून आतलं पाणी ऐकायचे, उतारानं चार पावलं खाली यायचे, परत ऐकायचे.

"काका, गाणं कुठलं लागलंय?" मी विचारलं.

ते माझ्याच फाटकाशी थांबले. "घरात कोण आहे?"

"कुणी नाही. बायको महिनाभर माहेरी, दाराला कुलूप."

"मग पाणी कोण वापरतंय?"

मागच्या अंगणातला नळ मी उघडाच ठेवायचो, खाली पत्र्याची बादली. पूर्वी पाणी पहाटे यायचं. बादली वाजली की जाग यायची. महिन्यापूर्वी वेळ दहावर गेली. आठलाच मी कंपनीच्या बसमध्ये, सुट्टीच्या दिवशी सासुरवाडीच्या. नळ बंद करायचं डोक्यातच आलं नाही. संध्याकाळी भरलेली बादली बघून वाटायचं, आपल्याकडे प्रेशर काय झकास.

अख्खी गल्ली माझ्या अंगणात उभी राहून ती धार गटाराकडे जाताना बघत होती.

बाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही बादल्या आणून द्यायचात ना, मी रोज देवापाशी तुमचं नाव घ्यायचे."

मी नळ बंद केला. वर बाईंचा नळ आधी फुसफुसला, मग वाहू लागला.

दुपारी एकटाच जाऊन अबोली परत लावली. रोपांना पाणी हवं होतं. बाईंचं दार उघडं होतं, पण तांब्याभर पाणी मागायला तोंड उघडेना. खाली घरी गेलो आणि माझ्याच नळाची बादली घेऊन चढ चढलो.