मोज्यातला लांडगा

माणसाचा लांडगा होतो ते सिनेमे मला फार आवडतात, आणि त्यातही जे हसवता हसवता घाबरवतात तेच. हे कुणाला सांगायची सोय नाही. ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात असताना हॉस्टेलवर पहिला पाहिला. आता ऑफिसातले लोक 'तुझी आवड म्हणजे…' एवढंच म्हणून वाक्य सोडून देतात. सोडोत बापडे.

माझं म्हणणं साधं आहे. बाकीच्या भुताखेतांना कामधंदा नसतो. रक्त पिणारे ते परदेशी उमराव दिवसभर पेटीत झोपतात. मुंजाला काय, पिंपळावर बसलं की झालं. हा एकच बिचारा असा, की रात्रभर लांडगा होऊन सकाळी त्याला कामावर हजर व्हावं लागतं. अंगावर धड कपडा नाही, दातात कुणाच्या तरी कोंबडीचं पीस, आणि नऊला पंचिंग. आमच्या भागात शिफ्ट बदलली की अर्धी वस्ती तशीच दिसते, त्यामुळे मला तो परका वाटत नाही. आणि त्याचं अंग बदलायला लागतं तेव्हा, कितीही वेळा पाहिलेलं असो, माझा श्वास थांबतो. आपलंच शरीर आपल्याला न विचारता दुसरंच काही होऊन बसतं, याहून भयंकर काय असणार? आणि हा त्या वेळीही पँट सावरत असतो. तिथे मला हसू येतं, पण भीती काही जात नाही. दोन्ही एकाच घशातून कसं निघतं याचं मला अजून नवल वाटतं.

हे सगळं मी ज्याच्यामुळे लिहायला बसले तो माझा थोरला भाऊ. आम्ही मूळचे चाकणजवळच्या एका गावचे. दादा तिकडेच एका कारखान्यात पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर होता. गेल्या वर्षी प्रेसमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. कंपनीने त्याला स्टोअरला बसवलं, ते काम त्याने निभावून नेलं, सहीसुद्धा डाव्या हाताने करायला शिकला. फक्त एक गोष्ट त्याला जमेना. आपल्या सहा वर्षांच्या मुलीला त्याने तो हात दाखवला नाही. घरातही कापडी हातमोजा घालून वावरायचा, आणि वहिनी त्या मोज्याच्या दोन रिकाम्या बोटांत रोज सकाळी कापूस भरून द्यायची. जखम ओली आहे, हवा लागता कामा नये, असं पोरीला सांगितलेलं. आठ महिने जखम ओली.

मी एकदा त्याला बोलले, आणि चांगलंच बोलले. लपवून लपवून कुठवर लपवणार, वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "ती मला भ्याली तर? मंग मी कुणाकडं बघायचं?" एरवी माझी जीभ कुणाला हार जात नाही, पण तो विषय मी पुन्हा काढला नाही.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी, म्हणजे त्याच्या कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, तो पोरीला घेऊन माझ्या मारुंजीच्या भाड्याच्या फ्लॅटवर आला. माझं काम घरूनच चाललं होतं. लॅपटॉप उघडा ठेवून, अधूनमधून माउस हलवत, मी दुपारी सिनेमा लावला. पोरीनेच हट्ट धरला होता, आत्याचा लांडगा बघायचा म्हणून. हिंदीत डब केलेला, मुलांना चालण्यासारखा. मी तो कॉलेजात पाहिलेला, आणि शपथेवर सांगते, मधला एक प्रसंग साफ विसरले होते.

त्यात नायक आपल्या होणाऱ्या सासूसासऱ्यांकडे जेवायला गेलेला असतो. खिडकीत चंद्र येतो, आणि सगळ्यात आधी बदलतो तो हात. केस फुटतात, नखं वाढतात. तो धावत स्वयंपाकघरात जातो, गरम भांडी उतरवायचा जाडजूड मोजा त्या हातावर चढवतो आणि परत येऊन जेवायला बसतो. मोज्यानेच चमचा धरून सूप पितो. सासू विचारते, भाजलं का? तो म्हणतो, जरासं.

पोरगी खदखदून हसली. मग हसता हसता थांबली आणि तिने बापाच्या हाताकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी रिमोट उचलला, तर शेजारच्या खुर्चीतून दादा हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ दे."

पडद्यावर मोज्याची शिवण उसवायला लागली. एक नख बाहेर आलं, मग दुसरं, आणि सासूच्या तोंडासमोर मोजा टरकन फाटला. पोरगी उशी पोटाशी धरून सोफ्याच्या कोपऱ्यात सरकली. तिथूनच तिने विचारलं, "पप्पा, तुमच्या मोज्यात पण लांडगा हाय?"

मी सिनेमा थांबवला. आमचा दादा म्हणजे स्वतःच्या वरातीतसुद्धा न नाचलेला माणूस. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. दातांनी मोज्याचं टोक धरून त्याने तो ओढून काढला. कापसाचे दोन बोळे फरशीवर पडले. मग तो तीन बोटांचा हात त्याने वर उचलला, बोटं वाकडी केली, मान मागे टाकली आणि ओरडला. लांडग्यासारखं काही ते जमलं नाही, आमच्या गावची कुत्री रडतात तसं झालं, पण लांबलचक. शेजारच्या फ्लॅटमधलं कुणीतरी बाल्कनीत येऊन बघून गेलं.

पोरगी भ्याली. मी तिचा चेहरा पाहिला आहे, ती खरोखर भ्याली. किंचाळली, हातातली उशी तिने त्याला फेकून मारली. आठ महिने दादाने ज्याची धास्ती घेतली होती ते त्याच्या डोळ्यांदेखत घडलं, आणि वर उचललेला हात खाली घ्यायचंही त्याला सुचेना. तिला जवळ घ्यायला मी उठले. पण ती माझ्याकडे आलीच नाही. घाबरलेलं पोर जिकडे धावतं तिकडेच ती धावली. सोफ्यावरून उडी मारून बापाच्या मांडीवर चढली, त्याच्या शर्टात तोंड खुपसलं आणि आतूनच म्हणाली, "पप्पा, त्याला हाकलून द्या."