फ्रीशिपच्या फॉर्मातले चार बैल

गोठ्यात चार बैल बांधलेले होते. खुंटे मात्र कालचेच ठोकलेले दिसत होते. त्यांच्या बुडाशी माती नुकतीच उकरलेली होती. गव्हाण होती ती एकाच बैलापुरती. कपाळावर तपकिरी टिकला असलेला एक पांढरा बैल सारखा शेजारच्या कुंपणाकडे तोंड करून दावं ओढत होता. त्याला घरी जायचं होतं.

"दोन जोड्या हायेत साहेब," नामदेव म्हणाला. "लिहून घ्या."

मी लिहून घेतलं.

मी तेव्हा मेहकर तहसिलीत रेव्हेन्यू इन्स्पेक्टर होतो. लोक नुसतं आर. आय. म्हणत. आमचं वऱ्हाड त्या काळी मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि वरचे हुकूम नागपुराहून यायचे. पटवारी लिहितो, तहसीलदार सही करतो, आणि या दोघांच्या मधे सायकल हाणत गावोगाव जाऊन खरंखोटं पाहतो तो आर. आय. पीक किती आलं, बांध कोणी कोरला, विहीर खरंच खणली की कागदावरच आहे, हे पाहण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

त्या कामातच फ्रीशिपचे फॉर्म यायचे. फ्रीशिप म्हणजे कॉलेजची फी माफ. ती मिळायची तर घरची मिळकत बेताची आहे असा तहसिलीचा दाखला लागे. फॉर्म नेहमी मुलांचे असत. त्या वर्षी माझ्या हद्दीतला पहिला मुलीचा फॉर्म आला. चंद्रभागा, नामदेवची मुलगी. मेहकरला मावशीकडे राहून मॅट्रिक झालेली, चांगल्या मार्कांनी. अमरावतीच्या कॉलेजात जागा मिळत होती, होस्टेलही मिळत होतं. फक्त फ्रीशिप हवी होती. ती नाही मिळाली तर चंद्रभागेचं शिक्षण मॅट्रिकवरच संपणार, हे फॉर्मकडे पाहूनच कळत होतं.

आता ही मिळकत आम्ही पाहायचो कशी, ते सांगतो. शेतकऱ्याला "तुमची मिळकत किती?" असं विचारण्यात अर्थ नसतो. त्याला ती स्वतःलाच माहीत नसते. आम्ही बैल पाहायचो. आठ एकरांच्या शेतकऱ्याकडे फार तर एक बैल असतो. तो दुसऱ्या एकबैल्या शेतकऱ्याशी सावड करतो, म्हणजे दोघं मिळून जोडी जमवतात आणि आळीपाळीनं दोघांची शेतं करतात. ज्याच्या गोठ्यात चार बैल, तो तीस एकर तरी वाहत असणार. आणि पटवाऱ्याच्या कागदात त्याचे आठच एकर असतील, तर बाकीची जमीन त्यानं कुणाच्या तरी नावावर लपवली आहे असा अर्थ निघतो. असा फॉर्म नुसता नामंजूर होत नसे. त्यावर तांबड्या शाईनं शेरा पडायचा, आणि मग ते घर पुन्हा कधी फ्रीशिपचं नाव काढू शकत नसे.

नामदेवच्या नावावर आठ एकर होते.

मग हे चार बैल आले कुठून? मला हे कळायला गोठ्यात उभं राहिल्यावर दोन मिनिटंही लागली नाहीत. या गावानं सरकारी माणूस घर पाहायला आलेला आजवर एकाच कामासाठी पाहिला होता, तो म्हणजे तगाई. विहिरीसाठी, बियाण्यासाठी सरकार जे कर्ज देई ती तगाई. तिच्या पाहणीत ऐपत दाखवावी लागते. घर भरलेलं दिसलं तरच साहेबाची मान हलते. नामदेवला कोतवालानं निरोप दिला, "साहेब घर पाहाले येऊन राह्यले." नामदेवनं बिचाऱ्यानं घर भरून ठेवलं. शेजारचे बैल आणले. ओसरीत पितळी हंडे मांडले, त्यांतल्या एकावर दुसऱ्याच कुणाचं नाव कोरलेलं होतं. मला बसायला गादी घातली, तिला कुणाच्या तरी लग्नातल्या अत्तराचा वास होता. कढीत तूप तरंगत होतं.

माझ्या जागी कोणताही शहाणा आर. आय. हसला असता आणि म्हणाला असता, "नामदेवराव, इथं उलटं असतं. बैल सोडा." एवढंच वाक्य होतं. मी ते बोललो नाही.

का बोललो नाही ते सांगायला लाज वाटते, पण सांगायलाच बसलो आहे.

जेवताना मी सहज विचारलं होतं, "मुलीला एवढ्या लांब ठेवणार? लोक काय म्हणतील?"

नामदेव घास थांबवून म्हणाला, "लोकं म्हणतेतच साहेब. ते म्हणतेत अन् आपण जेवतो. पोरीले शिकायचं हाये, तं शिकू द्या ना. तिले अडवनारा मी कोन?"

मला कुसुम नावाची एकच मुलगी. तीही मॅट्रिक, आणि चंद्रभागेपेक्षा चार मार्क जास्तच. तिनं माझ्यापुढे याच कॉलेजचा कागद धरला होता. मी तो घडी करून पंचांगात ठेवला आणि पाच महिन्यांत मलकापूरच्या एका कापडवाल्याच्या घरी तिचं लग्न लावून दिलं. साहेबाची पोर होस्टेलात राहते असं कुणी म्हणू नये म्हणून. आणि इथं हा अंगठेबहाद्दर, ज्याच्या घरी पाहुण्याला बसायला स्वतःची गादी नाही, तो एका घासात जे बोलून गेला ते मला जमलं नव्हतं. मला त्याचा हेवा वाटला.

निघताना चंद्रभागा दारात आली. मान खाली, पण आवाज स्वच्छ. "साहेब, ते बैल..."

"चूप वं," नामदेव ओरडला. "तुले काय कळते त्यातलं! साहेब पाह्यतेत ना."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी न पाहिल्यासारखं केलं. सायकलला टांग मारली आणि निघालो. वाटेत मी स्वतःला समजावत होतो की आर. आय. नं जे दिसतं ते लिहावं. दिसले ते चार बैल. माझं चुकलं कुठं?

कुसुम त्या वेळी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. माझं अक्षर कोंबडीचे पाय उमटल्यासारखं. म्हणून लग्नाआधी माझे सगळे रिपोर्ट तीच फेअर करायची. तहसीलदार साहेब माझ्या अक्षराची तारीफ करायचे आणि मी खुशाल ऐकून घ्यायचो. त्या दिवशीही मी रफ कागद तिच्यापुढे टाकला. ती पाट ओढून बसली, दौत उघडली आणि लिहू लागली.

मधेच थांबली. "बाबा, ही चंद्रभागा म्हंजे मावशीजवळ राहे ते?"

"असेल."

"मह्या मागं दोन वर्गं होती ते. तिच्या घरी चार बैल?"

"मी डोळ्यांनी पाहिले."

"एक बैल हाये त्याइच्या घरी. पोळ्याले शाळेत साऱ्या पोरी आपआपल्या बैलाइची गोष्ट सांगत. ते एकाचीच सांगे. त्याचं नाव राजा." ती माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, तुमाले खुंटे नाई दिसले? तुमाले तं बांधावरची हललेली दगडं दिसतेत."

तिनं पुढे लिहिलं. कागद पूर्ण झाल्यावर माझ्यापुढे सरकवला. मोत्यासारखं अक्षर. जमीन, घर, विहीर, सगळं जागच्या जागी. फक्त "बैल" या शब्दापुढची जागा मोकळी होती.

"हे राहिलं," मी म्हणालो.

"ते तुमी भरा."

"कुसुम, हे सरकारी काम आहे."

ती उठली. पोटावर हात ठेवून उठावं लागत होतं. दाराशी जाऊन थांबली आणि अगदी हळू बोलली. तिचा तो आवाज मी आयुष्यात विसरलो नाही.

"मले पाठवाले तं फ्रीशिपबी लागली नसती, बाबा."

दुसऱ्या दिवशी मी कोतवालाला न कळवता त्या गावाला गेलो. डवरणीचे, उभ्या पिकात कोळपं फिरवायचे दिवस होते. नामदेव त्याच्या राजाला घेऊन कुणाच्या तरी शेतावर सावडीला गेला होता. गोठा रिकामा. खुंटे उपटलेले, खड्डे तसेच. ओसरीत हंडे नव्हते, गादी नव्हती, एक मातीचा रांजण होता. चंद्रभागा जात्यावर दळत होती. मला पाहून उठली, पदरानं हात पुसले.

"बैल कोणाचे होते?" मी विचारलं.

"शेख चाच्याचे." तिनं कुंपणापलीकडे बोट दाखवलं. "म्या आबाले लय सांगितलं साहेब, हे तगाई नोहे. आबा म्हने, सरकार उघड्या घराले कधी काही देते काय?"

पलीकडे शेख रहीम, म्हातारा, बैलांच्या व्यापारातला. टिकल्याचा पांढरा बैल आता आपल्या जागी निवांत रवंथ करत होता. मी जबाब लिहून घेतला. जबाब म्हणजे माणूस जे सांगेल ते त्याच्या शब्दांत लिहायचं आणि खाली त्याची सही घ्यायची.

"हाव साहेब, बैल माहे. नामदेव म्हने, साहेब येऊन राह्यले, तीन बैल दे. म्या देल्ले. ऐन डवरणीत एक दिवस काम बंद ठिवलं. पोरीचा मामला हाये." मग त्यानं आवाज उतरवला. "पन त्याले नका सांगजा. त्याले वाटते त्यानं लय हुशारी केली. समजलं तं शरमेनं मरन तो."

चंद्रभागाही तेच म्हणाली. मी कबूल केलं. घरी येऊन कुसुमनं मोकळ्या सोडलेल्या जागेत मी 'एक' लिहिलं.

तहसीलदार साहेबांनी रिपोर्ट पाहिला. "एका फॉर्मसाठी दोन दौरे?"

"पहिल्या पाहणीत चूक झाली होती, साहेब."

"तुमची?"

"माझी."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. चूक कबूल करणारा आर. आय. त्यांनी बहुधा पाहिला नसावा. दुसऱ्या दौऱ्याचा भत्ता त्यांनी कापला आणि दाखल्यावर सही केली.

चंद्रभागेला फ्रीशिप मिळाली. ती अमरावतीला गेली.

मुगाच्या शेंगा आल्या तेव्हा नामदेव पंचा भरून शेंगा घेऊन तहसिलीत आला. मी नको म्हणत होतो तरी टेबलावर ओतल्या. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"साहेब, बैल कामी आले! चार पाह्यले अन् सरकारले भरवसा आला. म्या साऱ्या गावाले सांगून देल्लं, आपला साहेब इमानदार हाये. जे पाह्यते तेच लिहिते."

मी शेंगा सोलत बसलो. दुसरं काय करणार? वचन दिलं होतं.

त्याचा परिणाम पुढच्या वर्षी दिसला. त्या एका गावातून तीन फॉर्म आले, त्यांतला एक पुन्हा मुलीचा. तिन्ही गोठ्यांत चार-चार बैल होते. आणि तिन्ही गोठ्यांत तपकिरी टिकल्याचा तोच पांढरा बैल दावं ओढत उभा होता. मी एका घरी चहा पीत असताना त्याला मागच्या वाटेनं पुढच्या घरी नेत असावेत. तेव्हापासून मी पाहणीला कधी कळवून गेलो नाही. नव्यानं नोकरीला लागणाऱ्या पोरांनाही हेच सांगत आलो. बैल मोजण्याआधी गव्हाण पाहा.

त्या तिन्ही फॉर्मांचे खरे रिपोर्ट मी लिहिले. तहसीलदार साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"काय हो, तुमचं अक्षर पुन्हा एवढं कसं बिघडलं?"

"अक्षर माझं नव्हतं साहेब," मी म्हणालो. "मुलीचं होतं. ती सासरी आहे."